कटर बंद झाल्यावर

मुलांनो, आधी एक करा. तुमच्या हातात एक ओली काडी आहे असं समजा. बोटाएवढी जाड, हिरवी, नुकतीच झाडावरून तोडलेली.

तिची दोन्ही टोकं धरा आणि हळूहळू वाकवा.

वाकली?

आता नीट बघा. बाहेरच्या अंगाची साल ताणली गेलीय. आतल्या अंगाची दबून सुरकुतलीय. काडी हलत नाहीये. पण तुमच्या बोटांना कळतंय, की ती नुसती गप्प बसलेली नाही. ती वाट बघतेय.

एक टोक सोडा.

सट्!

लागलं ना?

वादळात पडलेलं झाड अगदी असंच असतं. आडवं झालं म्हणून ते झोपलेलं नसतं. ते कुठेतरी वाकलेलं असतं, कुठेतरी ताणलेलं असतं... आणि कुणीतरी एक टोक सोडण्याची वाट बघत असतं.

एवढं समजलं की पुढची गोष्ट समजेल.

मी जन्मभर लहान मुलांना शिकवलं. मुलांना घाबरवण्यासाठी गोष्टी रचणं मला कधी आवडलं नाही, आणि ही तर मला रचताच आली नसती. ही माझ्या घरात घडली, माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत. तुम्ही खोटं म्हणालात तर मी रागावणार नाही. उलट सुटकेचा श्वास टाकीन.

आणि भुतं रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवते.

हे सगळं दिवसाढवळ्या झालं. उन्हात.

माझा धाकटा भाऊ झाडं कापतो. साधी नव्हेत, वादळानं पाडलेली. घरांवर कललेली, एकमेकांत अडकलेली, ज्यांना हात लावायला बाकीचे कापणारे कचरतात ती. त्याच्या जोडीला असतो त्याचा मेहुणा. तो दोर सांभाळतो, म्हणून मुलं त्याला दोरमामा म्हणतात. भाऊ मोजकं बोलतो. दोरमामा दोघांच्या वाट्याचं बोलतो.

"ह्यांच्या कटरला बंद करायचं बटण तरी आहे," माझी वहिनी म्हणायची. "माझ्या भावाला ते बसवायचंच राहून गेलं."

कटर म्हणजे साखळीची करवत. दोरी ओढली की सुरू होते. आणि एकदा सुरू झाली, की शेजारी उभं राहून कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही.

हे लक्षात ठेवा.

मी भावाकडेच राहते. त्याला दोन मुलं. थोरली तेव्हा तिसरीत होती, माझ्याच शाळेत. धाकटा नुकताच शाळेत जायला लागला होता. त्याला आम्ही सगळे भुंगा म्हणायचो, कारण तो सारखा गुणगुणायचा. तोंड मिटून, नाकातून. गाणं वगैरे नाही. एकच सूर. जेवताना, चित्र काढताना, झोप लागेपर्यंत.

उंऽऽऽऽ...

दोघांचा लाडका खेळ लपंडाव. थोरलीनं त्याचे कडक नियम केले होते. नुसतं "दिसलास" म्हणून चालायचं नाही. नाव घ्यायचं आणि जागा सांगायची. "भुंग्या, कपाटामागं!" असं म्हटलं तरच तो बाद. आणि बाद झाला की पुढचं राज्य त्याच्यावर. त्यानं स्वयंपाकघरातल्या भिंतीला डोकं टेकायचं, डोळे झाकायचे आणि आकडे म्हणायचे.

भुंग्याला आकडे दहापर्यंत यायचे. पण सात तो दर वेळी गाळायचा.

"...पाच, सहा, आठ, नऊ..."

"अरे, सात कुठं गेला?" मी विचारायची.

"लपलाय," तो म्हणायचा.

इतकी वर्षं मुलांना आकडे शिकवले, पण ह्या उत्तरापुढे मी हरले.

लपण्यात मात्र तो अगदीच कच्चा. लपला की त्याला इतका आनंद व्हायचा, की तो जास्तच जोरात गुणगुणायचा. थोरली डोळे उघडायची, कान द्यायची आणि सरळ चालत जाऊन त्याला बाहेर काढायची. तो दर वेळी थक्क व्हायचा.

"ताई, तुला कसं कळलं?"

तिनं ते त्याला कधीच सांगितलं नाही.

त्या वर्षी मोठं वादळ झालं. सकाळी उठून बघतो तर आमच्या परसाच्या भिंतीमागचं जुनं झाड उन्मळून गल्लीत आडवं पडलेलं. गल्लीतले लोक भावाच्या दारात. भाऊ म्हणाला, घरचंच काम आहे, चला.

आता पुन्हा माझ्याबरोबर डोळ्यांसमोर आणा. झाड मुळांसकट उपटलं की मुळांचा मातीनं भरलेला गड्डा भिंतीसारखा उभा राहतो. दारापेक्षा उंच. आणि त्याच्या मागं, जिथं आधी मुळं होती, तिथं खड्डा पडतो. खोडाजवळ उभं राहिलेल्याला तो खड्डा दिसत नाही. मध्ये गड्डा असतो ना.

आता सांगा, गड्ड्याला तसं उभं कुणी धरून ठेवलंय?

बरोबर. खोडाच्या वजनानं.

खोड कापलं की ते वजन सुटतं. मग उरलेला बुंधा उठून उभा राहतो आणि गड्डा मागं आपल्या खड्ड्यात जाऊन बसतो. कधी हळू. कधी पेटीचं झाकण आपटावं तसा. कापणाऱ्यांना हे ठाऊक असतं, आणि कधीकधी ते त्याचा उपयोगही करून घेतात. माती टाकावी लागत नाही. खड्डा आपला आपण बुजतो.

गल्लीनं भावाला तेच करायला सांगितलं होतं. उघडा खड्डा नको, पोराबाळांची गल्ली आहे.

पोराबाळांची गल्ली आहे...

भावाचा शिरस्ता होता. कापायच्या आधी खड्ड्यात उतरून बघायचं. त्या सकाळीही तो उतरला. आत एक कुत्री आसऱ्याला बसली होती, तिला त्यानं बाहेर काढलं. मग दोघांनी फांद्या उतरवल्या, खूप वेळ. मग मी चहा नेला. दोरमामा म्हणाला, "ताई, चहात साखर टाकलीत की नुसतं तिचं नाव घेतलंत?" सगळे हसले. कप खाली ठेवले आणि भावानं कटरची दोरी ओढली.

खड्डा बघून झालेला होता. चहाच्या आधी.

मुलांना वहिनीनं बजावलं होतं, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणून ती घरातच लपंडाव खेळत होती. राज्य थोरलीवर होतं. ती स्वयंपाकघराच्या भिंतीला डोकं टेकून आकडे म्हणत होती. घरातल्या सगळ्या जागा भुंग्याच्या वापरून झाल्या होत्या. परसाच्या भिंतीतलं, गल्लीत उघडणारं मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

थोरलीनं डोळे उघडले. कान दिला.

कटरचा आवाज. बाकी काही नाही.

तिनं कपाटामागं बघितलं. पलंगाखाली. शिलाई मशीनच्या पायथ्याशी. पहिल्यांदाच तो सापडत नव्हता. तिनं मला नंतर सांगितलं... तिला त्या वेळी आनंद झाला होता. तिला वाटलं, भुंगा शिकला.

बाहेर भावानं शेवटचा काप दिला. खोड धप्पकन खाली बसलं आणि बुंधा उठला. खुर्चीतून माणूस उठतो ना, तसा सरळ उठून आपल्या जागी उभा राहिला. जमीन हादरली. खड्डा बंद झाला. ते बघून गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भावानं कटर बंद केलं.

किती शांत झालं म्हणून सांगू...

मागच्या दारात थोरली येऊन उभी राहिली. हसत होती.

"बाबा, भुंगा सापडत नाही."

भावानं आधी तिच्याकडे बघितलं. मग उघड्या दाराकडे. मग त्या उभ्या बुंध्याकडे.

पुढचं मी कुणालाच सांगत नाही. माती उपसली. सगळ्या गल्लीनं हातांनी उपसली. एवढंच.

त्यानंतर आमचं घर गप्प झालं. भावानं कटर पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. दोरमामा यायचा, बसायचा, आणि एक शब्द न बोलता जायचा. थोरली कसलाच खेळ खेळेना. वहिनी तेवढी दिवसभर मशीनवर कपडे शिवत बसायची, म्हणून घरात काही तरी आवाज असायचा.

आधी ऐकू आलं ते तिला.

एका दुपारी मी वह्या तपासत होते. मशीनची घरघर चालू होती. ती थांबली. वहिनीनं दोरा तोडला असेल. पुन्हा घरघर. पुन्हा थांबली. पुन्हा. पुन्हा. मी मान वर करून बघितलं तर मशीनवर कापडच नव्हतं.

"काय करतेस गं?"

"ताई, इकडे या. बोलू नका."

तिनं पाय चालवला. चाक जोरात फिरलं. मग तिनं तळहातानं चाक धरलं. आवाज एकदम थांबला.

आणि त्या थांबलेल्या आवाजाच्या खाली...

उंऽऽऽ...

फार नाही. एक श्वास पुरेल एवढंच. जणू ते आधीपासून चालूच होतं, फक्त मशीनच्या घरघरीत बुडालं होतं.

माझ्या हातातली लाल पेन्सिल खाली पडली. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं.

"तुम्हालाही आलं ना? म्हणजे मला वेड नाही लागलं."

मग ते सगळ्यांनाच ऐकू येऊ लागलं. पंखा बंद केला की. मिक्सर थांबला की. गल्लीतून गेलेल्या मोटारीचा आवाज विरला की. कुठलाही मोठा आवाज थांबल्यावर, त्या पहिल्या एका क्षणात...

मी स्वतःला समजावलं, कानात राहिलेला नाद असतो. वर्गात मुलांना मीच हे शिकवलं होतं. पण कानातला नाद कपाटामागून येत नाही. पलंगाखालून येत नाही. तो जागा बदलत नाही.

थोरलीला मी एकदाच विचारलं. पंखा नुकताच बंद झाला होता आणि ती पलंगाकडे टक लावून बघत होती.

"तुलाही ऐकू येतं का गं, बाळा?"

"हो."

"भीती वाटते?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, तो अजून लपलाय. माझं राज्य आहे. पण मी त्याचं नाव घेणार नाही. जागा पण सांगणार नाही. बाद झाला की खेळ संपतो."

मी उठून पंखा पुन्हा लावला.

पुढच्या वर्षी, वादळांचे दिवस जवळ आले तेव्हा भावानं माळ्यावरून पोतं खाली काढलं. कटर पुसलं, साखळीला तेल दिलं. आम्हाला वाटलं, माणूस सावरतोय. मी तर मनातून देवाचे आभार मानले.

दोरमामा आठवड्याभरात माझ्याकडे आला.

"ताई, दाजी नीट नाहीत. मुळांसकट पडलेलंच झाड पाहिजे म्हणतात. दुसरं काम घेतच नाहीत. आणि कापता कापता मध्येच कटर बंद करतात."

"कशाला?"

"मला विचारता? तुम्हाला माहीत नाही?" त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "खड्ड्यापाशी ते घरापेक्षा मोठ्यानं ऐकू येतं, ताई. मी पण ऐकलंय. अर्धं कापलेलं झाड म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. हल्ली मी गड्ड्याला पुढून दोर बांधतो, आणि तो दोर धरून मनात एकच म्हणतो, दाजी, कापून टाका, कापून टाका..."

मी भावाशी बोलले. तो ऐकत ऐकत साखळीला तेल देत राहिला.

आणि मग तो दिवस आला.

आदल्या संध्याकाळी वारा सुटला होता. शाळेच्या मैदानाच्या कडेचं मोठं झाड पडलं. सकाळी मुलं आल्या पावली घरी पाठवली. मी, थोरली आणि शिपाई, एवढेच मागं राहिलो. झाड कापायला कुणाला बोलावलं असेल, हे मी सांगायला नको.

स्वच्छ ऊन पडलं होतं. वर्गांना कुलपं. फळ्यावर कालची बेरीज तशीच.

थोरलीला मी व्हरांड्यात बसवलं आणि हलायचं नाही असं सांगितलं. दोरमामानं गड्ड्याला दोर बांधला आणि पुढच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन ताणला. गड्डा मागं झुकू लागला तर तेवढाच आधार. भाऊ खड्ड्यात उतरून बघून आला. चेहरा नेहमीसारखा. कटर सुरू झालं. भुसा उडू लागला.

भावानं खोड अर्ध्यापर्यंत कापलं.

आणि कटर बंद केलं.

"दाजी!" दोरमामा ओरडला. "अर्ध्यात थांबू नका! अहो, दाजी!"

मैदान एकदम शांत झालं. पाखरू बोलत नव्हतं. पान हलत नव्हतं. आणि मग...

उंऽऽऽऽऽऽ...

ह्या वेळी ते एका श्वासात संपलं नाही. चालूच राहिलं. गड्ड्याच्या मागून. स्पष्ट. आनंदी.

लपल्यावर त्याला व्हायचा तसा आनंद.

शिपायानं माझ्याकडे बघितलं. "बाई, आत कुणाचं तरी पोर आहे!"

भावानं कटर गवतावर ठेवलं. अगदी जपून, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं. गड्ड्याला वळसा घातला आणि खड्ड्यात उतरला.

तड...

खोडातला आवाज होता तो. लाकडाचे राहिलेले धागे एकेक करून तुटत होते.

मी धावले. वयाचं भान राहिलं नाही. खड्ड्याच्या काठावर जाऊन बघितलं. आत कुणी मूल नव्हतं. माझा भाऊ गुडघ्यांवर बसून मुळांखालच्या पोकळीत हात घालत होता. गुणगुण तिथूनच येत होती.

"अरे, वर ये! तुटतंय ते!"

"इथंच आहे, ताई." त्यानं वळूनही बघितलं नाही. "ऐक ना. इथंच आहे तो."

"तो नाहीये रे तिथं... वर ये, माझी शपथ आहे तुला."

"मागच्या खेपेला मी ऐकलं नाही. आता ऐकतोय." तो अगदी शांतपणे बोलत होता. "एकटा आहे गं तो. एकट्याला कसं सोडू?"

तड... तड...

माझ्या डोक्यावर गड्डा थरथरला. माती ओघळली. पलीकडून दोरमामा रडत ओरडत होता, "दोर सरकतोय! ताई, ओढा त्यांना! मला नाही धरवत आता!"

मी हात खाली केला. माझा हात भावापर्यंत पोहोचत नव्हता. पोहोचला असता तरी त्यानं धरला नसता. तो वर यायला उतरलाच नव्हता.

तेव्हा माझ्या शेजारी थोरली दिसली. व्हरांड्यातून कधी आली, कळलंच नाही.

तिनं बापाला हाक मारली नाही. ती फक्त त्या मुळांखालच्या पोकळीकडे बघत होती. ती काय करणार आहे ते मला एकदम समजलं, आणि मुलांनो, त्या क्षणी तिला थांबवावं की करू द्यावं, हे मला ठरवता आलं नाही. बाप वाचणार होता. पण ती तिच्या भावाला घालवणार होती.

तिनं डोळे पुसले. आणि राज्य असलेलं मूल ओरडतं तसं, मैदानभर घुमेल असं ओरडली...

"भुंग्या, मुळांमागं!"

गुणगुण थांबली.

हळूहळू विरली असं नाही. मध्येच थांबली. चकित झाल्यासारखी.

भाऊ तसाच बसून राहिला. हात पोकळीत. मग त्यानं हात बाहेर काढले आणि रिकाम्या तळव्यांकडे बघितलं. मग वर, लेकीकडे बघितलं.

"बाबा, तो बाद झाला," थोरली म्हणाली. "आता तिथं कुणी नाही. तू वर ये."

तो वर आला. मी एक हात धरला, मागून धावत आलेल्या शिपायानं दुसरा. त्याचे पाय गवतावर टेकले, आणि मागं दोर तुटल्याचा आवाज आला.

बुंधा उठला. सरळ उठून आपल्या जागी उभा राहिला. जमीन हादरली.

ह्या वेळी टाळ्या नव्हत्या.

धूळ खाली बसत होती. आम्ही सगळे मातीत बसलो होतो. थोरली तेवढी उभी होती. तिनं काठावरून अचानक एक पाऊल मागं घेतलं. कुणाला तरी जायला वाट द्यावी तसं. मग तिची नजर मैदानावरून फाटकाकडे सरकत गेली. हळूहळू... घराच्या दिशेनं.

मी तिकडं बघितलं. मैदान रिकामं होतं.

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. वहिनी मशीनवर होती. तिनं आमचे मातीनं माखलेले कपडे बघितले, नवऱ्याचा चेहरा बघितला. पाय चालवला. चाक फिरलं. तळहातानं धरलं.

शांत.

तिनं पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा धरलं.

शांत.

"का नाही येत?" ती म्हणाली. "ताई, का नाही येत आज?"

भाऊ उंबऱ्यावर खाली मान घालून बसला होता. शेवटी थोरलीच पुढं झाली.

"आई, मी त्याचं नाव घेतलं. बाबा वर येत नव्हता."

वहिनीनं तिला जवळ ओढलं. मग लेकीच्या केसांतला भुसा एकेक करून वेचायला लागली. वेचता वेचता तिचे हात थांबले, आणि ती जी रडली... वर्षभरात ती पहिल्यांदाच रडली. भाऊ उठून तिच्याजवळ गेला. मी बाहेर येऊन उभी राहिले.

थोड्या वेळानं आत गेले तर थोरली तिथं नव्हती.

व्हरांड्यात नव्हती. परसात नव्हती. हाका मारल्या, उत्तर नाही. मागचं दार बघितलं. कडी लावलेली होती.

मग मला ऐकू आलं.

उंऽऽऽ...

आवाज कपाटामागून येत होता.

मी भिंतीला धरून धरून तिथवर गेले. वाकून बघितलं.

कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, भुंग्याच्या जागेवर, थोरली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तोंड मिटलेलं. ती गुणगुणत होती. त्याच सुरात.

"अगं... हे काय करतेस?"

"शू, आत्या! हळू बोल." तिनं बोट ओठांवर ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं मान केली. तिथल्या भिंतीकडे. "आता राज्य त्याच्यावर आहे."

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मी बघितलं. नंतरही कितीदा तरी बघितलं. आजही त्या भिंतीकडे पाठ करून मला बसवत नाही.

"पण मग तू आवाज का करतेस, बाळा? लपल्यावर गप्प राहायचं असतं ना?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात एखाद्या साध्या चुकीकडे बघते.

"त्याला शोधता येत नाही गं. तो लहान आहे." मग ती घाईनं म्हणाली, "तू जा इथून. तो सात म्हणत नाही, लवकर येईल."

आणि तिनं डोळे घट्ट मिटले, भिंतीकडे सरकून शेजारी थोडी जागा केली, आणि पुन्हा गुणगुणायला लागली.

जरा मोठ्यानं.